पोथीचा कापलेला समास

आमच्या गुरुजींचा तराजू उलटा आहे, असं नंदुरबारच्या बाजारात म्हणत. गुरुजी वर्तमानपत्रांचा गठ्ठा काखेत मारून किराणा दुकानात जायचे आणि तेवढ्याच वजनाची जुनी पुस्तकं उचलून आणायचे. दुकानदाराला पुड्या बांधायला कागद हवा असे. तो कुठला, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं.

"गुरुजी, लोके नवं लेवाकरता जुनं देतस," दुकानदार म्हणे, "तुम्ही नवं दीसन जुनं लेतस. शाळामा पोरेसले असाच हिशोब शिकाडे का?"

गुरुजी हातातलं पुस्तक उघडत. ते तिथेच उभ्या उभ्या पुस्तकाची पानं मोजत. मधलं एखादं पान गेलेलं असलं की त्यांचा चेहरा पडे, आणि मग दुकानदार पुड्यांच्या ढिगात हात घालून ते पान शोधायला लागे. एकदा त्रिकोणमितीच्या पुस्तकाचं असं एक पान गुळाच्या पुडीवरून सोडवून आणलं होतं. त्या पानावरचा डाग पुढे किती वर्षं तरी चिकट होता. मी त्रिकोणमिती शिकलो ती त्याच पुस्तकातून.

माझं घर रनाळ्याचं. घरात माझ्याआधी कुणी पाटीला हात लावलेला नव्हता. नंदुरबारच्या शाळेत गुरुजी गणित शिकवत. पाचवीच्या पुढे मला शाळेतून काढून शेतात घालायचं ठरलं तेव्हा ते रनाळ्यापर्यंत चालत आले आणि वडिलांना म्हणाले, "याला मी माझ्याकडे ठेवतो." त्या एका वाक्यावर माझं पुढचं सगळं आयुष्य उभं आहे. मी त्यांच्याकडे जेवलो, त्यांच्या कंदिलापाशी वाचलं, त्यांनी लिहिलेल्या पत्रांवर पुण्याच्या कॉलेजात गेलो. आज कुणी मला पदवीधर म्हणतं तेव्हा मला त्यांच्या पायांवरची रनाळ्याच्या वाटेची धूळ आठवते. म्हणूनच पुढची गोष्ट लिहायला मला इतकी वर्षं लागली.

शाळेतून निवृत्त झाल्यावर गुरुजींनी हा जुन्या पुस्तकांचा व्यवसाय धरला. दोन खोल्यांचं घर, त्यातली एक पुस्तकांची. शिळाछापावर निघालेली बीजगणितं, भूमितीची मोडकी भाषांतरं, आगगाडीचा रस्ता बांधताना नवापुराकडे राहिलेल्या इंजिनिअर लोकांनी मागे टाकलेली लॉगची कोष्टकं, आणि ज्योतिषाच्या हस्तलिखित पोथ्या. ज्योतिष म्हणजे पत्रिका बघण्याचं नव्हे, ग्रहगणिताचं. गिऱ्हाइकं मोजकी होती आणि सगळा व्यवहार टपालाने चाले. जो वाचणार नाही त्याला पुस्तक द्यायचं नाही, हा त्यांचा नियम. सुरतेच्या एका श्रीमंत माणसाने कपाट भरण्यासाठी पुस्तकं मागितली होती. त्याला त्यांनी "कपाट लहान करावे" असं कार्ड टाकलं.

त्यांचा आणखी एक नियम होता, तो शाळेतला. पुस्तकाच्या समासात लिहायचं नाही. शाळेची पुस्तकं एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे जात, आणि समासात कुणी पेन्सिलीने आकडेमोड केलेली दिसली की गुरुजी त्या मुलाला पुढे बोलावून छडी देत. "समास मोकळा असतो म्हणून तो तुझा नाही," असं म्हणत. मी त्यांचा लाडका विद्यार्थी, पण मलाही एकदा मिळाली होती. ती शिकवण माझ्या हाडात उतरली होती. कॉलेजच्या ग्रंथालयात एखाद्या पुस्तकाच्या कडेला कुणी लिहिलेलं दिसलं, तर मी ते खोडून काढत असे.

पहिलं महायुद्ध संपून दोन-तीन वर्षं झाली होती. मी पदवीच्या परीक्षेला बसून उन्हाळ्यात घरी आलो होतो. वडिलांनी मला पाहिल्यावर पहिलं काय विचारलं असेल? "तुन्हा मास्तर अजून रद्दीच गोळा करी ऱ्हायना का?" आईने माझ्या अंगावरच्या कोटाला हात लावून पाहिला आणि इतक्या उन्हात तो कशाला, असं विचारलं. दोन दिवसांनी मी नंदुरबारला गुरुजींकडे गेलो.

गुरुजी मला लगेच बैलगाडीत घालून तापीकाठच्या एका गावी घेऊन गेले, प्रकाशा या तीर्थगावाच्या अलीकडच्या काठाला. तिथे एक म्हातारे जोशी राहत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरून त्यांना दिसेनासं झालं होतं. त्यांच्या घराण्यात पाच पिढ्या आसपासच्या गावांना पंचांग सांगण्याचं काम होतं. आता छापील पंचांग बाजारात मिळे, त्यामुळे त्यांच्या ओट्यावर कुणी येत नसे. मुलगा वारला होता. विधवा सून घर चालवत होती.

जोशीबुवा गुरुजींशी शुद्ध मराठीत बोलत आणि माझ्याशी आमच्या बोलीत. "तू रनाळेना का? तुन्हा आजा मन्हा बापले कापूस पेराना मुहूर्त ईचारे," ते म्हणाले, आणि मला त्यांच्याजवळ बसवून घेतलं.

सुनेने देव्हाऱ्याखालून लाल फडक्यात बांधलेली पोथी आणली. दोन फळ्यांच्या मध्ये सुटी, लांबट पानं. ग्रहणं काढण्याची सारणी होती ती. तशा सारण्या गुरुजींनी आधीही पाहिल्या होत्या. पण मी दाराशी जाऊन बैलांना पाणी दाखवत होतो तेवढ्या वेळात आत ते दोघं बराच वेळ बोलले, आणि परत येताना पोथी गुरुजींच्या मांडीवर होती.

त्या घराण्यात पोथी विकत नसत. विद्या विकू नये, असं होतं. म्हणून गुरुजींनी ओट्यावर नारळ, धोतरजोडी आणि धान्य ठेवलं, आणि जोशीबुवांनी पोथी "वाचायला" दिली. पुण्याचे एक अभ्यासक जुन्या वेधांवर, म्हणजे प्रत्यक्ष आकाशात पाहून टिपलेल्या वेळांवर, ग्रंथ लिहीत होते. पोथी त्यांच्याकडे जायची होती. गाडीत गुरुजी मला म्हणाले, "म्हाताऱ्याला एकच गोष्ट हवी आहे. त्यांच्या आजोबांनी जुन्या गणितात एक दुरुस्ती घातली होती. ती बरोबर होती की चूक, हे मरायच्या आत कळावं. पुण्याचे गृहस्थ ते ताडून बघतील." एवढंच ते म्हणाले, आणि ते पुरेसं आहे असं मला वाटलं. ताडून कशावरून बघणार, हे मी विचारलं नाही. गणिताच्या पदवीची परीक्षा देऊन आलो होतो, आणि विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुजींना निरोप आला की नवापुराला कुणा मृत इंजिनिअरची पेटी विकली जात आहे. ते गाडीने गेले. जाताना म्हणाले, "पोथी नीट बांधून ठेव. मी आलो की टपालात टाकू."

त्यांना फडक्यात बांधून ठेव म्हणायचं होतं. मी ते दुसऱ्याच अर्थाने घेतलं असं नाही. मला कळलं होतं. पण फडकं जीर्ण होतं, फळ्यांना वाळवीने पोखरलं होतं, आणि ती सुटी, वेडीवाकडी पानं पाहून मला पुण्याच्या ग्रंथालयाची आठवण झाली. तिथली कातडी पुठ्ठ्यांची पुस्तकं, तिन्ही कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ. आमच्या भागातून पुण्याला काही जायचं, तर ते असं चिंध्यांत का जावं? मला लाज वाटली. गुरुजी परत येतील तेव्हा पोथी सुंदर बांधलेली बघून त्यांना काय वाटेल, याचं चित्र मी मनात रंगवलं. त्यांचं इतकं ऋण होतं, आणि माझ्या हातून त्यांच्यासाठी अजून काहीच झालं नव्हतं.

कापसाच्या व्यापाऱ्यांच्या चोपड्या बांधणारा एक कारागीर बाजाराच्या मागल्या गल्लीत बसे. मी पोथी त्याच्याकडे नेली. त्याने पानं उलटून पाहिली, कडा कापायच्या शिकंज्यात लावली, आणि मग परत बाहेर काढली.

"भाऊ, या उजवा काठले बारीक बारीक अक्षरं शेतस. पातं फिरावं ते समदं जाई. काय करू?"

मी पाहिलं. मधल्या चौकटीत सुबक अक्षरात आकडे होते, आणि चौकटीच्या बाहेर, दोन बोटांच्या समासात, निरनिराळ्या हातांनी खरडलेलं काहीतरी. कुठे शाई फिकी, कुठे ओळ तिरपी.

"ते मूळ पुस्तकातलं नाही," मी म्हणालो. "नंतर कुणीतरी लिहिलंय. काप."

"दख बरं. मी अडाणी मानूस."

"म्हणूनच सांगतो. काप."

हे बोलणं मी अजून जसंच्या तसं ऐकू शकतो. त्याने पुन्हा काही विचारलं नाही. कडा सरळ झाल्या, डावीकडे शिवण बसली, दोन्ही बाजूंना पुठ्ठा लागला, वर खारव्याचं लाल कापड. कातरण चुलीशेजारच्या टोपलीत पडली. चुलीवर चिकटवायची खळ शिजत होती.

गुरुजी नवापुराहून आले ते आनंदात. पेटीत चांगली पुस्तकं होती. मी बांधलेली पोथी त्यांच्या हातात दिली. त्यांनी आधी माझ्याकडे पाहून हसून मान हलवली, मग ती उघडली. पहिलं पान. दुसरं. मग त्यांनी अंगठा उजव्या कडेवरून वरपासून खालपर्यंत फिरवला. तिथे काही अक्षरांचे अर्धे तुकडे राहिले होते.

"समास कुठे गेला?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

त्यांनी पोथी मांडीवर ठेवली. मग त्यांनी समजावलं, शाळेत समजावत तसंच. मधल्या चौकटीतली सारणी काशीपासून सुरतेपर्यंत शंभर घरांत सापडेल. या पोथीची किंमत समासात होती. पाच पिढ्यांनी प्रत्येक ग्रहणाला तळाला बारीक छिद्र असलेलं तांब्याचं घटिकापात्र पाण्यात सोडून, ते कितीदा भरून बुडतं त्यावरून स्पर्श आणि मोक्ष, म्हणजे ग्रहण लागल्याची आणि सुटल्याची वेळ, मोजले होते, आणि समासात लिहिलं होतं: गणिताने इतकं आलं, दिसलं इतकं. ढग असले तर ढग होते असं लिहिलं होतं. आजोबांची दुरुस्ती तपासायला तेवढाच पुरावा होता.

मी चप्पल न घालता बाजारात पळालो. कारागीर खळ ढवळत होता. टोपलीत तळाशी काही पट्ट्या उरल्या होत्या, बाकी चुलीत गेल्या होत्या. मी त्या ओंजळीत घेऊन आलो. आम्ही दोघांनी त्या पानांना जुळवायचा प्रयत्न केला. सात जुळल्या.

"गुरुजी, मला मारा," मी म्हणालो.

"कशाबद्दल?" ते म्हणाले. "समासातलं पुस्तकातलं नसतं, हे तुला कुणी शिकवलं?" आणि उठून आतल्या खोलीत गेले. इतक्या वर्षांत त्यांनी मला बोललेलं सगळ्यांत कठोर वाक्य हेच, आणि ते त्यांनी स्वतःला उद्देशून म्हटलं होतं.

सकाळी ते म्हणाले, "तू जा आणि सांग. मी येणार नाही. मी आलो तर ते माझ्या तोंडाकडे बघून तुला माफ करतील." जोशीबुवांना दिसत नाही, हे त्या क्षणी ते विसरले होते.

मी पोथी घेऊन गेलो. वाटभर काय बोलायचं ते जुळवत होतो, पण बोलायची वेळच आली नाही. मी पोथी त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी खारवा चाचपला, पोथी उघडली आणि पानावर हाताची वीत टाकली. त्यांची वीत संपून पुढे बोटभर जागा उरत असे, असं त्यांनी नंतर सांगितलं. आता करंगळी पानाच्या बाहेर हवेत गेली. त्यांनी पुन्हा वीत टाकली. मग पान उलटून दुसऱ्यावर.

"हे कुणी केलं?"

"मी."

"आपण कॉलेजात काय शिकता?"

त्यांनी माझ्याशी शुद्ध भाषेत बोलणं हे पहिल्यांदाच होतं. आपण. माझे आजोबा, कापूस, रनाळं, सगळं त्या एका शब्दाने पुसलं गेलं.

"गणित," मी म्हणालो.

आतून सून दाराशी आली होती. "बाबा, पानी आनू का?" तिने विचारलं. त्यांनी हाताने नको म्हटलं. मी ओट्यावर बसून राहिलो. जा म्हणेपर्यंत उठायचं नाही, एवढंच ठरवलं होतं. ऊन ओट्यावरून उतरून अंगणात गेलं तेव्हा ते म्हणाले, "कागद आहे?"

त्यांना बरंचसं पाठ होतं. डोळे गेल्यापासून ते समास मनात वाचत असत. चार दिवस मी त्या ओट्यावर बसून लिहिलं. ते पानाचा क्रम सांगत, मग ग्रहण, मग घटी आणि पळं. वडिलांचं सांगताना आवाज एक असे, आजोबांचं सांगताना दुसरा. एके ठिकाणी: "इथे पात्र कलंडलं, मोजणी सोडली." दुसऱ्या ठिकाणी: "आईला ताप, उशिरा बाहेर आलो." आणि मधूनच ते थांबत. "इथलं नक्की नाही. रिकामं सोडा." मी एकदा म्हणालो, "अंदाजे सांगा, नंतर बघू." ते म्हणाले, "अंदाज माझ्या आजोबाने लिहिला नाही." माझ्या वहीत अशा रिकाम्या जागा पुष्कळ आहेत.

वही, पोथी आणि त्या सात पट्ट्या गुरुजींनी पुण्याला पाठवल्या. काय झालं ते सगळं खरं लिहिलं. कुणी कापलं, हेही. मी म्हणालो, "उंदरांनी खाल्लं असं लिहिलं तर?" गुरुजींनी लेखणी खाली ठेवली आणि मी नजर चुकवेपर्यंत माझ्याकडे बघत राहिले.

पावसाळा संपता संपता पार्सल परत आलं. सोबतचं पत्र सभ्य होतं. सात पट्ट्यांवरून काही ठरवता येत नाही, असं त्यात होतं. आणि वहीबद्दल: वृद्ध गृहस्थांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका नाही, परंतु ज्यांना दुरुस्ती बरोबर ठरावी अशी आयुष्यभर इच्छा होती, त्यांच्या स्मरणातले आकडे नकळत तिकडे झुकलेले असू शकतात, असे आकडे पुरावा म्हणून घेता येत नाहीत.

मी चिडलो. "त्यांनी रिकाम्या जागा सोडल्या आहेत! खोटं सांगायचं असतं तर त्या भरल्या नसत्या?"

"बरोबर आहे तुझं," गुरुजी म्हणाले. "आणि त्यांचंही बरोबर आहे. त्यांच्या जागी मी असतो तर हेच लिहिलं असतं. तूही हेच लिहिलं पाहिजेस, नाहीतर माझ्याकडे शिकलास कशाला?"

पोथी परत द्यायला आणि ते पत्र जोशीबुवांना वाचून दाखवायला मीच गेलो. ते चार महिन्यांत फार खंगले होते आणि आतल्या खाटेवर पडून होते. मी अडखळत वाचलं, काही न गाळता. "झुकलेले" हा शब्दही वाचला.

ते ऐकून घेऊन पुन्हा आमच्या बोलीत बोलले. मला ते अधिकच लागलं.

"म्हनजे आजाबानं बराबर व्हतं का चुकेल व्हतं, ते आते कोन्हालेच कळनार नही?"

"नाही, बाबा."

"चुकेल व्हतं असं जरी सांगतात ना, तरी चालतं," ते म्हणाले. मग त्यांनी पोथी माझ्याकडे सरकवली. "पोथी खंडित शे. खंडित देव घरमा ठेवतस नही. मन्हाकडथीन नदीपर्यंत चालनं व्हनार नही. तूच जाय."

विसर्जनाचं मला माहीत होतं. जुनी, वापरात नसलेली पोथी तापीत सोडतात. सुटी पानं असतात, पाणी पिऊन क्षणात खाली जातात. मी घाटावर गेलो, कमरेएवढ्या पाण्यात उतरलो आणि पोथी सोडली. ती तरंगली. दोन्हीकडचा जाड पुठ्ठा, खळीने घट्ट बसवलेला खारवा. फार चांगली बांधणी होती. ती फिरत फिरत माझ्याच छातीशी आली. मी ती दोन्ही हातांनी पाण्याखाली दाबून धरली. बुडबुडे येत राहिले. पुठ्ठ्यात पाणी शिरून ती जड होईपर्यंत मला तसंच उभं राहावं लागलं. काठावर कपडे धुणाऱ्या बाया थांबून बघत होत्या, हा माणूस काय बुडवतो आहे म्हणून.

जोशीबुवा त्याच हिवाळ्यात गेले. मी पोहोचलो तेव्हा सुनेने घर आवरायला घेतलं होतं. घटिकापात्राबद्दल विचारलं तर ती म्हणाली, "त्याले तळमा छिद्र व्हतं भाऊ. तांबटले मोडमा दी टाकं."

गुरुजींनंतर त्यांच्या पुस्तकांचा व्यवसाय माझ्याकडे आला. शाळेत गणित शिकवतो आणि उरलेल्या वेळात पार्सलं बांधतो. आता ही दुसरी लढाई चालू आहे, कागदाला रद्दीतच इतका भाव आला आहे की जुनी पुस्तकं दुकानदारापर्यंतही येत नाहीत, थेट गाड्या भरून लगद्याला जातात. तरी कधी काही हाताला लागतं. मी काहीही बांधून घेत नाही. आलं तसं फडक्यात गुंडाळून देतो. माझ्या वर्गातल्या मुलांनी समासात लिहिलं तर मी ते वाचतो.

विक्रीच्या पुस्तकांची यादी मी दरवर्षी हाताने लिहून गिऱ्हाइकांना पाठवतो. तिच्यात एक नोंद वीस-बावीस वर्षं तशीच आहे. कुणी मागितली नाही. यंदाही लिहिली: "वही एक, सात पट्ट्यांसह. तापीकाठच्या एका जोशी घराण्याचे ग्रहणांचे वेध, शेवटच्या वारसाने स्मरणातून सांगितलेले. बऱ्याच जागा रिकाम्या, त्या भरू नयेत. मूळ पोथी उपलब्ध नाही. तिचा समास यादी लिहिणाऱ्याने कापला."